फोन सेविकेच्या हातात, लगाम कोणाच्या हातात?

अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार घ्यायचा असेल, तर आईला आता आपला चेहरा फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरावा लागतो. केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने १ जुलै २०२५ पासून 'पोषण ट्रॅकर' या ॲपमधील चेहरा पडताळणी या आहारासाठी सक्तीची केली. आधी आधार क्रमांक भरायचा, मग आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगायचा, डोळे मिचकावून फोटो द्यायचा. पुढे वाटपाच्या वेळी तोच चेहरा पुन्हा जुळायला हवा. चेहरा जुळला तर नोंद, नाही जुळला तर पुन्हा प्रयत्न. हे सारे करायचे कोणी? तर अंगणवाडी सेविकेने. आणि कशावर? तिच्या हातातल्या त्या एका फोनवर.

मोठ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ही बातमी झळकली नाही. ज्यांच्या घरी अंगणवाडीचे पाकीट येत नाही त्यांना ती बातमी वाटण्याचे कारणही नाही. परंतु हिंगोली जिल्ह्यातून पाहिले की तिचा खरा अर्थ दिसतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा छोटा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि त्यातले शंभरातले ८५ लोक खेड्यात राहणारे. देशातील ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत २००६ साली रोजगार हमीचा केंद्रीय कायदा लागू झाला त्यांत हिंगोली होता, कारण मागासलेपणाच्या यादीत तो वरच होता. कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यात आंध आदिवासींची गावे आहेत, ठिकठिकाणी बंजारा तांडे आहेत, आणि गावोगावी गावकुसाच्या कडेला आमच्या बौद्ध, मातंग, चर्मकार बांधवांच्या वस्त्या आहेत. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, नाहीतर वीटभट्टी गाठायची, हे या वस्त्यांचे वेळापत्रक आहे.

आता या वेळापत्रकात ते ॲप बसवून पाहा. घरात मोबाईल एकच, आणि तो नवऱ्याकडे. नवरा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फडावर. आधारला जोडलेला नंबर त्याचाच. ओटीपी जाणार फडावर, आणि गरोदर बाई उभी अंगणवाडीच्या दारात. तो फोन उचलेल तेव्हा आकडा कळणार, तोवर त्या आकड्याची मुदत संपलेली. ती स्वतः फडावर गेली असेल तर प्रश्नच मिटला. तिचे नाव यादीत, पण चेहरा नाही. तिला आहार नाकारला कोणी? सेविका म्हणेल मी नाही. पर्यवेक्षिका म्हणेल मी नाही. मंत्रालय म्हणेल, आम्ही तर पारदर्शकता आणली. नकार दिला तो यंत्राने, आणि यंत्राला जाब विचारता येत नाही. या देशात हजारो वर्षे नकार देणाऱ्याचे नाव कधी लिहिलेच गेले नाही. 'रीतच आहे' एवढे म्हटले की भागत असे. आज रीतीच्या जागी 'सिस्टीम' आली आहे.

आम्ही यंत्राचे शत्रू नाही

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. आम्ही यंत्राच्या, तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. आंबेडकरी माणूस असूच शकत नाही. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात बाबासाहेबांनी चरख्याकडे आणि खेड्याकडे परत चला म्हणणाऱ्या विचाराचा समाचार घेतला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसत मिळाल्याशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्राने दुष्परिणाम केले असतील तर दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका होती. डोक्यावरची मैल्याची पाटी, खांद्यावरचे मेलेले जनावर, पाठीवरचे ओझे, हे ज्याच्या वाट्याला आले त्याला यंत्राचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्या चळवळीच्या वर्तमानपत्रांचेच उदाहरण घ्या. 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेबांना अंकाचे रकानेच्या रकाने एकट्याने लिहावे लागत, आणि छपाईच्या खर्चाने पत्र मेटाकुटीला येई. पुढे संगणकावरची अक्षरजुळणी आली, श्रीलिपीसारखे मराठी टंक आले, आणि खिळे जुळवणाऱ्या छापखान्याच्या मालकापुढे हात जोडण्याची गरज संपली. दोन-तीन संगणक आणि चार जिद्दी पोरे एवढ्या भांडवलावर दैनिक निघू लागले. त्या यंत्राने आमचा हात मोकळा केला, आवाज मोठा केला.

म्हणून प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाही. प्रश्न असा की, हे यंत्र घडवताना घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते? ज्याला ते वापरायचे आहे तो, की ज्याला वापरणाऱ्यावर नजर ठेवायची आहे तो?

एका फोनची कहाणी

अंगणवाडीच्या फोनची कहाणी या कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहे. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने आपल्या वाट्याचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले आणि मोबाईलवर नोंदी करणाऱ्यांना महिना २५० ते ५०० रुपये प्रोत्साहन भत्ता जाहीर केला. २०१९ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या सेविकांच्या हाती सरकारी स्मार्टफोन आले. त्यात तेव्हा 'कॅस' नावाचे ॲप होते. नेटवर्क नसताना त्यात नोंद करता येई आणि नेटवर्क मिळाले की ती वर जाई. सेविका ते शिकल्या. ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्मार्टफोन हाती धरला तीही शिकली.

१ मार्च २०२१ पासून ते ॲप गुंडाळून त्या जागी 'पोषण ट्रॅकर' आणले गेले. दिल्लीत एक आदेश निघाला आणि अंगणवाड्यांमध्ये जुने शिकलेले सारे पुसले गेले. फोन मात्र तेच, २ जीबी रॅमचे. नवे ॲप त्या फोनला पेलवेना. फोन तापू लागले, अडकू लागले, बंद पडू लागले. वॉरंटी संपलेली, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. त्यात ॲपमध्ये नोंदी इंग्रजीत करायच्या. सातवी-दहावी शिकलेल्या, मराठीतून सुंदर अक्षरात रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला सरकारने एका दिवसात निरक्षर ठरवले!

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी जे केले त्याची नोंद या देशाच्या कामगार चळवळीच्या इतिहासात झाली पाहिजे. त्यांनी सरकारचे फोन सरकारला परत केले. राज्यभरातल्या प्रकल्प कार्यालयांत जाऊन टेबलावर फोन ठेवले. आम्ही काम नाकारत नाही, हे हत्यार नाकारतो, असा त्याचा सरळ अर्थ होता. कोणी त्यांना अडाणी म्हटले, कोणी तंत्रज्ञानाला घाबरतात म्हटले. वस्तुतः त्या दिवशी देशातली सर्वात अचूक तांत्रिक तपासणी त्या बायांनी केली होती. हा फोन या ॲपसाठी पुरा पडत नाही, ही भाषा आमची नाही, हा खर्च आमचा नाही. कोणत्याही इंजिनिअरने लिहिला नसता इतका नेमका अहवाल. पोषण ट्रॅकरच्या मराठीचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. नंतर ॲपमध्ये मराठीसह अनेक भाषा आल्या. पण आधी ॲप लादायचे आणि मग बायांनी रस्त्यावर उतरून, कोर्टाची पायरी चढून स्वतःची भाषा मिळवायची, हा क्रमच उलटा नाही काय?

बाजाराला जे जमते ते सरकारला का जमत नाही?

ज्या सेविकेला सरकारचे ॲप छळते, तीच सेविका त्याच फोनवर व्हॉट्सॲप सहज वापरते. तिला त्याचे प्रशिक्षण कोणी दिले नाही. असे का होते, याचा विचार आपण केला पाहिजे. नेटवर्क नसेल तर तिथे संदेशाशेजारी घड्याळाचे छोटे चिन्ह दिसते. संदेश हरवत नाही, थांबून राहतो. रेंज आली की आपोआप जातो. एक खूण म्हणजे गेला, दोन खुणा म्हणजे पोचला. लिहिता येत नसेल तर बटण दाबून बोलता येते. म्हणून तांड्यावरची आजी शहरातल्या नातवाशी गोरमाटीत बोलते आणि तिला कोणी अक्षर ओळखीची परीक्षा घेत नाही.

त्याही आधीचे उदाहरण आमच्या वाचकांना आठवत असेल. २००३ साली नोकिया ११०० नावाचा साधा फोन आला. त्याच्या डोक्यावर टॉर्च होता, बटणांवर धूळ न शिरणारे आवरण होते, हातातून निसटू नये अशी कड होती. भारनियमनाच्या काळातल्या खेड्यात रात्री रस्ता दाखवणारा फोन! घामेजल्या, मातीने भरलेल्या हातांत हा फोन जाणार आहे, हे तो बनवणाऱ्यांनी आधी जाणून घेतले होते. जगभरात २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले. त्या टॉर्चमागे दयाबुद्धी नव्हती, नफा होता, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही चांगल्या कामाला चांगले म्हटले पाहिजे. वापरणाऱ्याच्या हाताचा, डोळ्याचा, अंधाराचा विचार करून वस्तू घडवणे हा माणसाचा आदर करण्याचाच एक प्रकार आहे. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार करून बांधले. वस्तू कोणासाठी, हे ठरले की तिचा आराखडा आपोआप ठरतो.

मग सरकारी ॲपचा आराखडा असा का? या देशात कौशल्य नाही म्हणून? हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेसरचा किरण सोडून, अब्जावधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे आदळली तर त्याचा येथे पोचणारा थरार ती मोजणार. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक टिपण्याची क्षमता या यंत्रणेत असते. आम्हाला या प्रयोगशाळेचा अभिमान आहे. विज्ञानावर खर्च झालाच पाहिजे. पण ज्या जिल्ह्यात विश्वाच्या टोकाची कंपने ऐकण्याची तयारी चालली आहे, त्याच जिल्ह्यात अंगणवाडीच्या दारात उभ्या असलेल्या आईचे म्हणणे दिल्लीला ऐकू जात नसेल, तर अडचण कौशल्याची नाही, इच्छेची आहे.

याचे कारण आमच्या मते सरळ आहे. बाजारातला ग्राहक वस्तू टाकून देऊ शकतो. फोन आवडला नाही तर तो दुसरा घेईल, ॲप आवडले नाही तर काढून टाकेल. त्याच्या जाण्याची भीती कंपनीला असते, म्हणून कंपनी त्याच्या हाताकडे पाहते. सेविका ॲप काढून टाकू शकत नाही. तिचे मानधन, तिचा भत्ता, तिची नोकरी त्याला बांधलेली आहे. आईही दुसऱ्या अंगणवाडीत जाऊ शकत नाही. जिच्या जाण्याची भीती नाही तिच्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. मग ॲपचा खरा ग्राहक ठरतो वर बसलेला अधिकारी. त्याच्या पडद्यावर हिरवे-लाल तक्ते उमटले की काम झाले. त्या तक्त्यांत रंग भरण्यासाठी खालच्या बाईने दुपारभर फोन हलवत रेंज शोधायची. राबणारा एक आणि फळ मोजणारा दुसरा, ही व्यवस्था आम्हाला नवी नाही.

कॅमेरा कोणाच्या तोंडापुढे?

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. सरकार म्हणते, बोगस लाभार्थी आहेत, आहार मधेच गायब होतो, म्हणून चेहरा पडताळायचा. गळती होत नाही असे आम्ही म्हणत नाही. पण गळती कोणत्या टोकाला होते? सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यातून ठेकेदारांना दूर ठेवण्यास सांगितले होते. तरीही महाराष्ट्रात काय घडले? २०१६ च्या निविदेत अशा अटी घातल्या गेल्या की गावातले महिला बचत गट बाहेर फेकले जावेत आणि मोठी उलाढाल असलेलेच आत यावेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी रद्द ठरवल्या. निविदेच्या कागदावर कोट्यवधींचे वळण लावणाऱ्यांचा चेहरा कोणत्या ॲपने पडताळला? कोणत्या ठेकेदाराला पाकिटातल्या आहाराचा दर्जा दाखवण्यासाठी डोळे मिचकावून फोटो द्यावा लागला? कॅमेरा फक्त तिच्या तोंडापुढे, जिच्या वाट्याला एक पाकीट येते. संशयाची दिशा या देशात नेहमी वरून खालीच का वाहते?

आणि चेहरा ओळखणारी यंत्रे तरी निःपक्ष असतात का? अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकाहूनही कमी. काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत सर्वात वाईट प्रणालीची चूक ३४.७ टक्के. ती यंत्रे वेगळी होती, काम वेगळे होते, हे खरे. पण यंत्र ज्यांच्या चेहऱ्यांवर शिकवले जाते त्यांचेच चेहरे ते नीट वाचते, हा धडा सर्वांसाठी आहे. उन्हात रापलेल्या, बाळंतपणात सुकलेल्या चेहऱ्यांवर आमचे यंत्र किती वेळा चुकते, त्याची आकडेवारी सरकारने गावनिहाय जाहीर करावी.

रोजगार हमीच्या कामावर हाच प्रयोग आधी होऊन गेला आहे. मे २०२१ मध्ये 'एनएमएमएस' नावाचे हजेरीचे ॲप आले. १६ मे २०२२ पासून वीस किंवा अधिक मजूर असलेल्या कामांवर, आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. दुपारच्या फोटोसाठी सकाळी काम उरकलेल्या बाईने पुन्हा थांबायचे. फोटो वर गेला नाही तर मजुरी बुडाली. फोन मेटचा, रिचार्ज मेटचा, हुकूम सरकारचा! फेब्रुवारी २०२३ पासून मजूर दिल्लीत जंतरमंतरवर शंभर दिवसांच्या धरण्याला बसले. आणि शेवटी काय झाले? जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले की, ॲपवर भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचेच फोटो काढले जात आहेत, आणि एकच फोटो अनेक हजेरीपटांना लावला जात आहे. मग आदेश निघाला की ग्रामपंचायत पातळीवर माणसांनी प्रत्येक फोटो तपासावा. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले, आणि यंत्रावर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणूस आणला. लबाडाने पळवाट शोधली. मधल्या मधे घाम गाळणाऱ्या बाईची मजुरी मात्र गेली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी जो नवा कायदा मंजूर केला त्याच्या रचनेतच अंगठा-चेहऱ्याची ओळख, मोबाईलवरची देखरेख आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांना स्थान दिले आहे. चुकीतून शिकण्याऐवजी चुकीला कायद्यात बसवले गेले.

यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो, ही समजूत किती महाग पडते हे ब्रिटनने अनुभवले आहे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली छोट्या पोस्टचालकांच्या काउंटरवर बसवली. प्रणालीत दोष होते. हिशेबात नसलेली तूट दिसे. पोस्टचालक सांगत राहिले, आम्ही पैसे घेतले नाहीत. न्यायालयाने संगणकाचे ऐकले. ९०० हून अधिक लोक चोर, लबाड म्हणून दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली, काहींनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचा निर्णय दिला, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून ती शिक्षापत्रे पुसावी लागली. श्रीमंत, सुशिक्षित, वकील परवडणाऱ्या देशात हे झाले. आमच्या सेविकेवर ॲपच्या आकड्यावरून कारवाई झाली तर तिच्या बाजूने कोणता वकील उभा राहणार आहे?

मागण्या काय असाव्यात?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार प्रामुख्याने सरकारने उचलला पाहिजे. १९४६ मध्ये ते मजूरमंत्री असताना कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. आईचा आहार आणि बाईच्या कामाचे तास, हे दोन्ही प्रश्न आज अंगणवाडीच्या त्या एका फोनमध्ये एकत्र आले आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ सेविकांच्या संघटनांचा नाही, आंबेडकरी चळवळीचा आहे.

पहिली मागणी ही की, चेहरा जुळला नाही, ओटीपी आला नाही, रेंज नव्हती, या कोणत्याही कारणाने आहार अडता कामा नये. गरोदर व स्तनदा माता आणि सहा महिने ते सहा वर्षांचे मूल यांचा आहार हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. हक्काला कॅमेऱ्याची अट लावता येत नाही. वहीत सही किंवा अंगठा घेऊन आहार त्याच क्षणी द्यावा आणि यंत्राचे भांडण यंत्राने नंतर मिटवावे.

दुसरी मागणी, फोन सरकारचा, रिचार्ज सरकारचा, दुरुस्ती सरकारची. फोन नवा दिला तरी ॲप दर काही महिन्यांनी जड होत जाणार असेल तर २०२१ ची पाळी पुन्हा येईल. म्हणून कोणतेही नवे ॲप किंवा त्यातला बदल लागू करण्याआधी तो सर्वात जुन्या फोनवर, सर्वात कमी रेंजच्या गावात चालवून दाखवावा. पुण्या-मुंबईच्या दालनात नव्हे, कळमनुरीच्या डोंगरातल्या वाडीवर आणि सेनगावच्या तांड्यावर. तिथे चालले तर सगळीकडे चालेल.

तिसरी मागणी, दुहेरी काम बंद करा. अंगणवाडीत पूर्वापार ११ नोंदवह्या होत्या. ॲप आले म्हणजे वह्या कमी व्हायला हव्या होत्या. वहीही लिहा आणि तेच ॲपमध्येही भरा, याला तंत्रज्ञान म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. सेविकेचा वेळ फोनकडे गेला तर मुलाचे वजन, मुलाचे खेळ, मुलाची पाटी यांच्याकडे कोण पाहणार?

चौथी मागणी, केवळ ॲपच्या नोंदीवरून कोणाचे मानधन कापू नये, कोणाला नोटीस देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असे स्पष्ट केले. म्हणजे त्या 'समाजसेवा करणाऱ्या ताई' नाहीत, कामगार आहेत. कामगाराच्या हातात कोणते हत्यार द्यायचे हे ठरवताना कामगाराच्या संघटनेला टेबलावर खुर्ची मिळाली पाहिजे.

पाचवी मागणी सर्वात महत्त्वाची. नजर दोन्ही बाजूंनी असू द्या. ज्या फोनवर सेविकेची हजेरी वर जाते त्याच फोनवर तिला दिसू द्या की तिचे मानधन कोणत्या टेबलावर अडकले आहे, आहाराचा ट्रक कधी निघाला, ठेकेदाराला किती पैसे दिले गेले, गेल्या तपासणीत आहाराचा नमुना पास झाला की नापास. आईला दिसू द्या की तिच्या नावावर किती पाकिटे चढली. हे करायला नवे शास्त्र लागत नाही. माहिती त्यांच्याकडे आहेच. फक्त ती खाली पाठवायची इच्छा हवी.

आपले काम

सरकारकडे मागून थांबणे हा आपला मार्ग नाही. नामांतराच्या लढ्यात तावून निघालेला हा मराठवाडा आहे. त्या लढ्यानंतरच्या पिढीतली हजारो मुले-मुली शिकली, इंजिनिअर झाली. आज हिंगोली, नांदेड, परभणीतून निघालेली आपली पोरे पुण्याच्या हिंजवडीत, हैदराबादेत, बंगळुरात बसून बँकांची, दुकानांची, परदेशी दवाखान्यांची ॲप लिहितात. शहरातल्या ग्राहकाचे बोट पडद्यावर कुठे अडखळते यावर ती आठवडेच्या आठवडे घालवतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, 'पे बॅक टू सोसायटी' म्हणजे केवळ जयंतीची वर्गणी नव्हे. गावी आलात की एक सकाळ आपल्या वस्तीच्या अंगणवाडीत बसा. आहार वाटपाच्या दिवशी काय घडते ते पाहा. किती वेळा फोटो काढावा लागला, किती वेळ लागला, कोण परत गेली, हे तारीख-वेळेसह लिहून काढा. अशा शंभर गावांच्या नोंदी जमल्या तर मंत्रालयाच्या कोणत्याही रंगीत तक्त्याला तोड देणारा तो पुरावा होईल. तो न्यायालयात चालेल, विधानसभेत चालेल, या पानावरही छापता येईल.

आणि वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी विहारात बैठक घेऊन आयाबहिणींना एवढे एकच सांगावे की, चेहरा जुळला नाही म्हणून रिकाम्या हाताने परत येऊ नका. 'आहार दिला नाही' असे कारणासह लेखी मागा. सेविकेशी भांडू नका. तीही आपलीच आहे, तिचाही गळा त्याच दोरीत आहे. लेखी मागणी प्रकल्प अधिकाऱ्याकडे, आणि प्रत संघटनेकडे. कागद मागणारा माणूस दिसला की नकार देणाऱ्याला स्वतःचे नाव लिहावे लागते. जिथे नाव लिहावे लागते तिथे नकार द्यायला हात कचरतो.

यंत्र येतच राहणार. ते यायलाही हवे. परंतु ज्या यंत्रापुढे आईला उपाशी पोटी स्वतःची ओळख सिद्ध करावी लागते आणि ठेकेदाराला काहीच सिद्ध करावे लागत नाही, ते यंत्र अजून जुन्याच व्यवस्थेची चाकरी करते आहे. त्याचा मालक बदलणे हे आपले काम आहे.